पाच मिनिटांवरची बाग

दरवर्षी गणपती झाले की संपादकताईंचा फोन येतो, "या वर्षी सदरात काय लिहिणार?" मागच्या दिवाळीत मी मुलांच्या शाळेच्या डब्यावर लिहिलं होतं, त्याच्या आदल्या वर्षी घरातल्या मराठीवर. यंदा फोन आला तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले होते आणि मी आमच्या बिल्डिंगमागच्या बागेत बाकावर बसले होते. लेक घसरगुंडीच्या रांगेत, शेजारच्या चटईवर एका सुदानी कुटुंबाचा चहा चाललेला, मागे फुटबॉलवरून मुलांची भांडणं. ताई म्हणाल्या, "एवढा गोंगाट कसला? आहात कुठे?" म्हटलं, "बागेत." "मग बागेवरच लिहा की!"

म्हणून यंदा बाग.

गावाकडच्या वाचकांनी मात्र फार मोठं काही डोळ्यांसमोर आणू नये. चार गल्ल्यांच्या मधला हा एक चौकोन आहे. भोवती चालायला मऊ रबरी पट्टा, एक फेरी मारायला जेमतेम चार मिनिटं. खजुराची काही झाडं, पाच-सहा कडुनिंब, थोडी हिरवळ, दोन घसरगुंड्या, आठ बाक. समोर बकाला, त्यामुळे मुलांचं आइस्क्रीम आणि आपली कोथिंबीर एकाच खेपेत होते. रियाध बघायला आलेल्या पाहुण्यांना कोणी ही बाग दाखवायला आणणार नाही. पण गेली आठ वर्षं माझ्या घरातल्या माणसांची तब्येत या चौकोनानं सांभाळली आहे. कशी, ते सांगते.

मी साताऱ्याची. भूगोलात एम. ए. करून तिथल्याच एका शाळेत सातवी-आठवीला शिकवत होते. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी घर. सकाळी किल्ल्यावर जाऊन आल्याशिवाय चहा नाही, ही वडिलांची शिस्त. वर्गात मी उष्ण वाळवंटी प्रदेश शिकवायचे: पाऊस अत्यल्प, ऊन कडक, वस्ती विरळ. २०१५च्या नोव्हेंबरमध्ये लग्न होऊन रियाधला आले आणि त्या धड्यातच राहायला मिळालं. एक गोष्ट मात्र पुस्तकात नव्हती. वाळवंटातल्या शहरात राहणारा माणूस वाळवंट फार कमी बघतो. तो एसी बघतो.

आमचं घर चौथ्या मजल्यावर. खिडक्यांना दुधी काचा, उघडल्या तर समोर दुसऱ्या बिल्डिंगची भिंत. नवरा सकाळी सहाला साइटवर निघायचा, संध्याकाळी सातला परतायचा. बायकांना गाडी चालवायची परवानगी मिळाली ती जून २०१८मध्ये. मेट्रो तर आत्ता, २०२४च्या डिसेंबरमध्ये सुरू झाली. तेव्हा बाहेर पडणं म्हणजे शुक्रवारी, नवऱ्याच्या गाडीतून, एका एसीतून दुसऱ्या एसीत. घर, गाडी, मॉल, गाडी, घर. हा अंक वाचणाऱ्या कितीतरी जणींनी हे दिवस काढले आहेत, त्यांना जास्त सांगायला नको.

२०१७मध्ये लेक झाला. तीन-चार महिने गेले तरी अंगात त्राण येईना. आधी वाटलं, बाळंतपणाचा थकवा. मग कंबर धरली, केस गळायला लागले. बाळ झोपलं की मी रडायला बसायचे आणि नवऱ्यानं कारण विचारलं तर सांगता यायचं नाही. आईला फोनवर "मजेत आहे" म्हणायचे. शेवटी रक्त तपासलं. ड जीवनसत्त्व जवळजवळ तळाला गेलेलं. मला हसावं की रडावं कळेना. जिथे सूर्याला वर्षभर सुट्टी नाही, तिथे उन्हातून मिळणारं जीवनसत्त्व कमी!

डॉक्टरीणबाई इजिप्तच्या होत्या. त्यांना यात काही नवल वाटलं नाही. सौदीत हे इतकं सर्रास आढळतं की त्यावर इथल्या डॉक्टरांनी कितीतरी अभ्यास केले आहेत. ऊन भरपूर आहे, पण ते अंगावर पडत नाही. उन्हाळा भाजून काढणारा म्हणून माणसं घरात, घरं बंद, कपडे अंगभर. त्यांनी आठवड्याची गोळी लिहून दिली आणि चिठ्ठीच्या शेवटी अरबीत एकच शब्द लिहिला, "मशी". म्हणजे चालणं. रोज अर्धा तास, बाहेर, बाळाला घेऊन. मी विचारलं, "बाहेर कुठे?" त्यांनीच उलट विचारलं, "घराजवळ हदीका नाही?"

मला माहीत नव्हतं. त्या शुक्रवारी नवऱ्यानं शोधून काढली. घरापासून चालत पाच मिनिटं! दीड वर्ष मी तिच्या इतक्या जवळ राहत होते, पण आमची गाडी बिल्डिंगच्या दारातून नेहमी दुसऱ्या बाजूला वळायची. गाडीतून राहणाऱ्याला आपल्याच मोहल्ल्याचा भूगोल कळत नाही, हे एका भूगोलाच्या बाईंना त्या दिवशी कळलं.

पहिले दोन आठवडे मी बाबागाडी ढकलत फेऱ्या मारायचे आणि परत यायचे. कोणाशी बोलले नाही. तिसऱ्या आठवड्यात हैदराबादच्या एका आपांनी बाबागाडी थांबवली आणि दटावलंच, "हवा चल रही है, बच्चे को टोपी नहीं पहनाई?" परक्या गावात कोणीतरी हक्कानं रागावलं. घरी येऊन नवऱ्याला ते सांगताना मी हसत होते. मला हसताना बघून तो गप्पच झाला. किती दिवसांनी हसले होते, ते त्याच्या लक्षात आलं होतं, माझ्या नाही.

बागेनं मला बरं केलं, असं सरळ विधान मी करणार नाही. ड जीवनसत्त्व गोळ्यांनीच वाढलं. संध्याकाळी कितीही फेऱ्या मारल्या तरी ते वाढत नाही. पण रात्रीची झोप परत आली, भूक लागायला लागली, संध्याकाळची वाट बघावीशी वाटायला लागली. यासाठी चिठ्ठीत दुसरं कुठलंही औषध नव्हतं.

*

दुसरी गोष्ट माझ्या सासूबाईंची. त्या २०२३मध्ये फॅमिली व्हिजिटवर तीन महिन्यांसाठी आल्या. वय ६८, पंधरा वर्षांचा मधुमेह, कुरकुरणारे गुडघे. पण गावी त्यांचा दिवस सगळा चालण्यातच जातो. सकाळी देवळात, मग भाजीला, दुपारी जावेकडे, संध्याकाळी पारावर. त्याला त्या व्यायाम म्हणत नाहीत. इथे आल्यावर पहिले तीन आठवडे सोफा आणि मोबाइल. गोळ्या त्याच, जेवण माझ्या हातचं आणि मोजकं, तरी उपाशीपोटीची साखर १३०वरून १८०वर गेली. चेहरा उतरला. "मला लवकरचं तिकीट काढून द्या" सुरू झालं.

बागेत चला म्हटलं तर म्हणाल्या, "मी त्या बायकांशी काय बोलू? मला त्यांचं कळत नाही, त्यांना माझं." कशाबशा आल्या. दोन फेऱ्या मारून बाकावर टेकल्या, तिथे एक सीरियन आजी आधीच गुडघा चोळत बसल्या होत्या. आईंनी आपला गुडघा दाखवला. त्या आजींनी स्वतःचा दाखवला. मग एकीनं मराठीत आणि दुसरीनं अरबीत अर्धा तास गुडघेदुखीवर चर्चा केली. दुसऱ्या दिवशी साडेसातलाच आई नऊवारीवर शाल घेऊन दाराशी तयार! महिनाभरात साखर १४०वर आली. परत गेल्यावर त्यांनी येणाऱ्या एका पाहुण्याबरोबर शेंगदाण्याची चटणी पाठवली, पुडीवर लिहिलं होतं, "बाकावरच्या बाईंना."

आई जाताना एक बोलल्या ते माझ्या डोक्यात राहिलं आहे. "अगं, हा तुमचा पारच की." खरंच. वडाभोवती किंवा पिंपळाभोवती दगडी पार बांधला, तेव्हा आपल्या पूर्वजांनी सावली आणि सोबत एका जागी आणली होती. गावाच्या मध्ये, कोणत्याही घरातून चालत जाता येईल अशी. शहरातल्या बागेचं कामही तेवढंच आहे.

*

शिक्षिकेची सवय जात नाही. दोन-तीन अनुभवांवर निष्कर्ष काढू नये, हे मुलांना मीच शिकवायचे. म्हणून या विषयावर काय अभ्यास झाले आहेत ते वाचून काढलं. त्यातले तीन सांगते.

पहिला जुना आहे. रॉजर उलरिक नावाच्या संशोधकानं अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियामधल्या एका रुग्णालयाच्या १९७२ ते १९८१च्या नोंदी तपासल्या. पित्ताशयाची एकाच प्रकारची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या त्यानं २३ जोड्या लावल्या. जोडीतल्या एकाच्या खिडकीतून झाडं दिसत होती, दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणारे लवकर घरी गेले आणि त्यांना वेदनेची तीव्र औषधंही कमी लागली. हा निबंध १९८४ साली 'सायन्स' या नियतकालिकात आला. वाचताना मला माझी दुधी काचेची खिडकी आणि समोरची भिंत आठवली.

दुसरा इंग्लंडमधला, २०१९चा. सुमारे २०,००० लोकांच्या माहितीवरून असं दिसलं की आठवड्याला निदान १२० मिनिटं बागेत, रानात किंवा समुद्रकाठी घालवणारे लोक आपली तब्येत आणि मन बरं असल्याचं अधिक प्रमाणात सांगतात. ही दोन तासांची बेरीज एका दमात झाली काय किंवा रोज थोडी थोडी झाली काय, फरक पडत नव्हता. यावर कोणी शंका काढेल की मुळात धडधाकट माणसंच जास्त बाहेर पडतात. शंका बरोबर आहे. म्हणून तिसरा अभ्यास.

अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरात कचऱ्यानं भरलेल्या ५४१ पडीक जागा घेतल्या आणि त्यांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन गट केले. एका गटातल्या जागा साफ करून तिथे गवत, थोडी झाडं आणि बुटकं लाकडी कुंपण एवढंच केलं. दुसऱ्या गटात फक्त कचरा उचलला. तिसऱ्याला हात लावला नाही. हिरव्या केलेल्या जागांजवळ राहणाऱ्यांमध्ये उदास वाटण्याचं प्रमाण सुमारे ४१ टक्क्यांनी कमी झालं. नुसता कचरा उचललेल्या ठिकाणी तसा ठळक फरक दिसला नाही. २०१८ साली हे प्रसिद्ध झालं. मला यात महत्त्वाचं वाटलं ते हे की त्या जागा काही मोठ्या नव्हत्या. कारंजी नव्हती, तलाव नव्हते. रिकाम्या प्लॉटएवढ्याच. पण त्या लोकांच्या दारातल्या होत्या, रोज येता-जाता दिसणाऱ्या.

*

बाग काय करते हे आम्हाला सर्वांत नीट कळलं ते ती बंद झाल्यावर.

२०२४च्या फेब्रुवारीत एका सकाळी बागेभोवती पत्रे लागले. दुरुस्तीचं काम आहे, दोन महिन्यांत संपेल, असं कळलं. संपायला अकरा महिने लागले. तोपर्यंत आमचा नऊ जणींचा गट झाला होता: हैदराबादच्या आपा, लखनौच्या भाभी, एक केरळची नर्स, दोघी पाकिस्तानी बहिणी, आम्ही चौघी मराठी. पहिल्या आठवड्यात ठरवलं, मोठ्या बागेत जाऊ. रियाधमध्ये मोठ्या बागांची कमतरता नाही. पण तिथे जायला गाडी हवी, गाडीला नवरा हवा, नवऱ्याला सुट्टी हवी. महिन्यातून एकदा जमलं, मग तेही राहिलं. ग्रुपवर बोलणं कमी होत गेलं आणि नुसते फुलांचे सुप्रभात संदेश उरले. खऱ्या फुलांशी संबंध संपला होता.

वर्षाअखेरीस माझं वजन चार किलोनं वाढलेलं, आपांच्या रक्तदाबाची गोळी दुप्पट झालेली, लेकाचा टॅब त्याच्या हाताला चिकटलेला. हे सगळं भरून येण्यासारखं होतं. एक गोष्ट मात्र सांगताना आजही मला अपराधी वाटतं.

आमच्या चौघींमध्ये विदर्भातली एक नवीन लग्न झालेली मुलगी होती. अबोल, पण रोज यायची. फेऱ्या मारायची, माझ्या लेकाला गोष्टी सांगायची. बाग बंद झाल्यावर ती दिसेनाशी झाली. ग्रुपवर कधीतरी अंगठा दाखवायची, आम्हाला वाटायचं, ठीक आहे. जूनमध्ये कळलं की तिचे आईवडील येऊन तिला घेऊन गेले. तिनं जेवण जवळजवळ सोडलं होतं, दिवसदिवस अंथरुणातून उठत नव्हती. नवरा बिचारा रोज बारा तास कामावर, त्याला वाटलं, माहेरची आठवण येत असेल. तिच्या घरापासून माझं घर सात मिनिटांवर होतं आणि मला चार महिने पत्ता नव्हता.

बाग सुरू असती तर ती आजारी पडलीच नसती, असं मी म्हणत नाही. पण दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या दिवशी कोणीतरी विचारलं असतं, "अगं, ती का नाही आली?" वर्गात हजेरी घेताना जो नंबर उत्तर देत नाही, त्याच्याकडे आपलं लक्ष जातं. बागेत हजेरी न मांडताही लागत असते. ती मुलगी आता नागपुरात उपचार घेऊन बरी आहे, आम्ही दर रविवारी बोलतो. तिची परवानगी घेऊनच हे लिहिलं आहे. तीच म्हणाली, "लिहा ताई, एखादी तरी वाचेल."

*

बाग यंदा जानेवारीत उघडली. झाडं आधीपेक्षा जास्त आहेत, बाकांवर सावली आली आहे, पट्टा नवा आहे. आणि हे आमच्या गल्लीतच घडतंय असं नाही. १९ मार्च २०१९ रोजी 'ग्रीन रियाध' ही योजना जाहीर झाली, ती बहुतेकांनी ऐकली असेल. शहरात ७५ लाख झाडं लावायची, हिरवं क्षेत्र दीड टक्क्यावरून नऊ टक्क्यांवर न्यायचं. दरडोई हिरवी जागा तेव्हा १.७ चौरस मीटर होती, म्हणजे एका माणसाला अंग आखडून झोपता येईल एवढी. ती २८ चौरस मीटर करायची आहे, म्हणजे दोन खोल्यांएवढी. जुन्या विमानतळाच्या जागेवर १६ चौरस किलोमीटरहून मोठं किंग सलमान पार्क उभं राहतंय. वादी हनीफापासून वादी सुलैपर्यंत शहर ओलांडून जाणारा १३५ किलोमीटरचा स्पोर्ट्स बुलेव्हार्ड होतोय, त्याचे पहिले भाग २०२५च्या फेब्रुवारीत खुले झाले.

पण या योजनेतला मला सर्वांत आवडलेला आकडा मोहल्ल्यांतल्या छोट्या बागांचा आहे: तीन हजारांहून जास्त. कोणी तरी फिलाडेल्फियाचा धडा वाचलेला दिसतोय.

"पण पाणी?" हा साताऱ्याहून येणारा पहिला प्रश्न. रियाधला वर्षाला सरासरी १०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आपल्या माण-खटावपेक्षाही कितीतरी कमी. पिण्याचं पाणी पूर्वेच्या समुद्राचं मीठ काढून चारशेहून अधिक किलोमीटरवरून, सुमारे ६०० मीटर उंच चढवून आणलं जातं. ते झाडांना घालणं परवडणारच नाही. म्हणून झाडांसाठी शहराचं सांडपाणी शुद्ध करून वापरायचं. योजनेच्या सुरुवातीला दिवसाला ९०,००० घनमीटर असं पाणी वापरलं जात होतं, ते १० लाख घनमीटरच्या वर न्यायचं आहे. आपण तांदूळ धुतलेलं आणि भांडी घासलेलं पाणी कुठे जातं, याचं उत्तर आता लेकाला मी खजुराकडे बोट दाखवून देते.

झाडानं गारवा येतो तो कसा, हे मात्र माठाच्या उदाहरणानंच कळतं. माठ पाझरतो, पाण्याची वाफ होताना उष्णता घेऊन जाते, आतलं पाणी गार होतं. झाडाचं पान तेच करतं. हवा जितकी कोरडी, तितकं हे काम चांगलं. शिवाय सावलीमुळे डांबर आणि सिमेंट दिवसा तापत नाही, म्हणून रात्री आग ओकत नाही. योजनेनं शहराचं तापमान सरासरी दोन अंशांनी उतरवण्याचं उद्दिष्ट ठेवलं आहे. उन्हाळ्याच्या रात्री ३६ आणि ३४ यांत काय फरक असतो, ते बाबागाडी ढकलणारीला विचारा.

झाडंही ओळखीची निघाली. इथला सिद्र म्हणजे आपल्या बोरीचा भाऊ, तल्ह म्हणजे बाभळीचा. कडुनिंब तर आपलाच. हजच्या वाटेवर अराफातच्या मैदानात यात्रेकरूंना सावली म्हणून हजारो कडुनिंब लावले आहेत. आमच्या बागेत पाडव्याला मी पाच पानं तोडून घेते. बांगलादेशी माळीभाई पहिल्या वर्षी रागावले होते, आता स्वतःच कोवळी डहाळी काढून ठेवतात. ही बाग हिरवी आहे ती त्यांच्यामुळे. उन्हाळ्यात, १५ जून ते १५ सप्टेंबर, दुपारी बारा ते तीन उघड्यावर काम करायला इथे बंदी आहे. त्यामुळे ते पहाटेच येतात. त्यांना थंड पाण्याची एक बाटली देणं आपल्या हातात आहे.

गावाकडच्या नातेवाईकांना एक विनंती. वाळवंटातलं शहर एकेक झाड नळीनं पाणी पाजून वाढवतंय, हे वाचून आमचं कौतुक करू नका, तुमच्या पाराकडे बघा. मुंबईत २०१९च्या ऑक्टोबरमध्ये आरेची दोन हजारांहून जास्त झाडं दोन दिवसांत पडली. पुण्यात टेकड्या वाचवायला माणसांना रस्त्यावर यावं लागतं. आकाशातून फुकट पाणी पडणाऱ्या गावात सावली तोडून पेव्हर ब्लॉक बसवायचे आणि मग मधुमेहाच्या गोळ्या आणायच्या, हा हिशोब मला जमत नाही. आमच्या आईंची साखर गावी ताब्यात राहते ती देऊळ, भाजीबाजार आणि पार चालत जाण्याजोगे आहेत म्हणून.

आता आपल्यासाठी थोडं कामाचं. नोव्हेंबर ते मार्च हे आपले सोन्याचे महिने. सुट्टीच्या दिवशी सकाळी दहा-अकराच्या उन्हात हातपाय उघडे ठेवून बसता आलं तर बसा, ड जीवनसत्त्वाला संध्याकाळ चालत नाही. इतर वेळी मगरिबनंतर निघा. जुलै-ऑगस्टमध्ये इशानंतर किंवा अगदी पहाटे, आणि रात्रीही पारा चढलेलाच असेल तर सरळ घरी थांबा. गुबार असेल त्या दिवशी दमा असणाऱ्यांनी बाहेर पडूच नये. रात्री मुलांना बागेत बघून भारतातून फोनवर ओरडा बसतो, "बारा वाजले, अजून बाहेर?" त्यांना अडीच तासांचा फरक समजावून सांगा. जेद्दा, खोबर, दम्मामवाल्यांना समुद्रकाठ आहे, जुबैलवाल्यांची वसाहत तर आखतानाच झाडं धरून आखली आहे, त्यांचा आम्हाला हेवा वाटतो. वादी हनीफाच्या काठावर आपल्या मंडळाची पिठलं-भाकरीची सहल होते, तीही होत राहावी. पण ते सणासुदीचं जेवण झालं. रोजची भाजी-भाकरी म्हणजे घराजवळची बाग. ती शोधा. गाडी ज्या बाजूला वळत नाही, त्या बाजूला एकदा चालत जाऊन बघा.

आणि जाताना एकट्या जाऊ नका. आमच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर ऑगस्टमध्ये नवीन जोडपं आलंय, सोलापूरकडचं. ती दोनदा लिफ्टमध्ये भेटली, दोन्ही वेळा "येते हं एकदा" म्हणाली आणि आली नाही. तिसऱ्या वेळी मी वाट बघितली नाही, तिची बेल वाजवली. म्हटलं, "चप्पल घाल, चार मिनिटांची एक फेरी मारून परत ये." चार फेऱ्या झाल्या. आपांनी तिलाही कशावरून तरी दटावलं. आता आठला तीच माझी बेल वाजवते.

या दिवाळीत फराळाचा एक डबा मी बागेसाठी वेगळा भरणार आहे. आपांना चकली तिखट लागते, त्यांच्यासाठी करंज्या. माळीभाईंना शंकरपाळी. सीरियन आजींना बेसनाचे लाडू, दातांचा विचार करून मऊ वळलेले. नागपूरचा डबा कुरिअरनं कधीच गेला आहे.

सर्वांना दिवाळीच्या मनःपूर्वक शुभेच्छा. रियाधला आलात तर या, आम्ही आठनंतर बागेतच असतो.